आज किती भरायचं?

(दृश्य : कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक, पाऊस. एका छत्रीत बाप-लेक, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल.)

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी. प्रवेशाच्या दिवसांत सकाळच्या एसटीतून उतरणाऱ्या कितीतरी जणांच्या काखेत अशी फाइल असते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचं अलॉटमेंट लेटर. एकेका कागदासाठी तहसीलला हेलपाटे घातलेले असतात.

(दृश्य : दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा, मग बोर्डिंगच्या जुन्या इमारती.)

खेड्यातलं पोर कोल्हापुरात शिकायला आलं तर राहील कुठं आणि खाईल काय, या प्रश्नाला राजर्षी शाहूंनी आधी हात घातला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या हुकमात संदिग्ध काही नव्हतं. आज राज्याच्या फी सवलतीच्या योजनेला महाराजांचंच नाव आहे : राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती.

(दृश्य : कॉलेजचं काउंटर. फीच्या कागदाचा क्लोजअप.)

आता हा कागद नीट पाहा. ट्युशन फी, डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, इतर. खाली एकूण. सरकार यातलं काय भरणार, ते छापलेलं नाही. कडेला कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'स्कॉ. नंतर', म्हणजे स्कॉलरशिपचं नंतर बघू.

बाप विचारतो, "पोरींचं शिक्षण मोफत झालंय म्हणत्यात न्हवं? मग आज किती भरायचं, तेवढं सांगा की सायेब."

प्रश्न अगदी रास्त आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण विकास शुल्क माफ नाही. वसतिगृह, मेस, डिपॉझिट यांचा त्यात समावेश नाही. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला सवलत लागू नाही. हे सगळं शासन निर्णयात आहे, काउंटरवरच्या कागदावर नाही.

(दृश्य : सेतू केंद्र. महाडीबीटीचा स्क्रीन, बायोमेट्रिक यंत्रावर अंगठा.)

पुढचा टप्पा महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलचा. आधी प्रोफाइल, मग कागदपत्रं अपलोड, मग कॉलेजच्या लिपिकाची छाननी, मग प्राचार्यांचं लॉगिन, त्यानंतर विभाग. कुठंही त्रुटी निघाली की अर्ज 'सेंड बॅक'. काही योजनांचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यावर येतात, आणि तिथून ते कॉलेजला भरायचे असतात. घरच्यांना वाटतं, ही आपली शिष्यवृत्ती. त्यातून आधीची उधारी भागवली जाते. शिवाय दरवर्षी अर्ज नव्यानं भरावा लागतो, हेही कितीजणांना दुसऱ्या वर्षीच कळतं. मग फी थकते, परीक्षेचा फॉर्म अडतो; एखाद्याचं वर्षही जातं.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सरकारच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसनं २०२२ मध्ये कॉलेजांची मदतपत्रं, म्हणजे किती मदत मिळेल हे विद्यार्थ्याला कळवणारी पत्रं, तपासली. अंदाजे ९१ टक्के कॉलेजं विद्यार्थ्याला पडणारा खरा खर्च सांगत नव्हती किंवा कमी दाखवत होती.

(दृश्य : व्हरांड्यातलं टेबल. माजी विद्यार्थिनी कोऱ्या कागदावर रेघा मारते आहे.)

ही मुलगी याच कॉलेजातून शिकून गेली. तिनं चार रकाने आखलेत : वर्षाचा पूर्ण खर्च, सरकार भरणार ते, घरून भरायचं ते, आणि कधी. समजा, शिक्षण शुल्क ८०,०००, विकास शुल्क ८,०००. याच गटातल्या मुलासाठी निम्मंच शिक्षण शुल्क माफ, म्हणजे घरून ४८,०००. मुलगी असेल तर ८,०००. मेसचे पैसे वेगळे, तेही त्याच कागदावर. बँकेचं शैक्षणिक कर्ज मात्र 'मदती'त धरायचं नाही, कारण ते फेडायचं आहे.

(दृश्य : बाप कागदावर बोट ठेवून आकडे वाचतो.)

यासाठी नवा कायदा नको. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. योजनांचे नियम पोर्टलवर आहेत. कॉलेजनं ते एका पानावर, मराठीत, सही-शिक्क्यानिशी, पैसे घेण्याआधी द्यायचे. पालकहो, तोवर पावती फाडण्याआधी हे चारही रकाने लेखी मागून घ्या.