नारळ दहा रुपयांना

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे अनिश्चित काळातली ख्रिस्ती नम्रता आणि उदार श्रद्धा. विषय भला मोठा आणि माझ्या हातात मिनिटं मोजकी. म्हणून मी त्याचं एकच टोक धरतो. देणं सोपं असतं, घेणं अवघड. रेडिओवर ऐकणारा कुकरच्या शिट्ट्यांतून ऐकत असतो, तेव्हा पुन्हा सांगतो: देणं सोपं, घेणं अवघड. आणि माणूस नम्र आहे की नाही, हे तो घेताना कळतं.

योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मोठ्या सणाच्या, आधीचा प्रसंग आहे. रात्रीचं जेवण चाललेलं असताना येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. त्या काळी हे काम घरातल्या गुलामाचं. पेत्राची पाळी येते आणि तो म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. आमच्याकडे उपदेशातून याला पेत्राचा विनय म्हणतात. मला तसं वाटत नाही. तो ताठाच आहे, फक्त हात जोडून उभा राहिलेला. येशू त्याला सरळ सांगतो की मी धुतले नाहीत, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. म्हणजे आधी घ्यायला शीक.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे भाषण घेतलं, ती सांगतो.

पुण्यातले ख्रिस्ती म्हणजे कॅम्पात राहणारे आणि केक खाणारे, असा एक समज आहे. मराठी ख्रिस्ती घरात नाताळाला करंज्या, चकल्या, अनारसे होतात, आणि नगरकडच्या घरांत चकलीच्या भाजणीवरून जावाजावांत अबोलाही होतो. तसाच आमचा आणखी एक सण म्हणजे हंगामाचा. कुणी कापणीचा सण म्हणतात. शेती सुटून दोन पिढ्या झाल्या तरी लोक त्या रविवारी ऊस, ज्वारीची कणसं, लाल भोपळा, गावरान अंडी, घरचं लोणचं, एखादी पाय बांधलेली कोंबडी घेऊन येतात. सगळं वेदीपुढे मांडायचं, उपासना करायची आणि मग आवारात त्याचा लिलाव. गंमत अशी की बोली जिंकणारा पैसे भरतो आणि म्हणतो, पुन्हा लिलाव. वस्तू परत मेजावर. एकच अंडं पाच-सहा वेळा विकलं जातं आणि अंड्याच्या पैशात चर्चचं छप्पर दुरुस्त होतं.

आमच्या मंडळीत एक मामा आहेत. सख्खे कुणाचेच नाहीत, मामा सगळ्यांचे. रंगकामाची कंत्राटं घेतात. दर वर्षी पहिला नारळ मामांचा. हजाराच्या खाली त्यांची बोली नाही, आणि ती झाल्याशिवाय लिलावाला तोंड फुटत नसे. मामा देताना जरा गाजावाजाही करायचे, हे मी त्यांच्यासमोर सांगितलेलं आहे. तसा आमच्याकडे देणगीचा गाजावाजा फारच. बाकाला पाटी, घड्याळाला पाटी, पाण्याच्या टाकीला पाटी. पाटीपायी बाकावर टेकता येत नाही. माझं चाललं तर मी सगळ्या पाट्या एका दुपारी उतरवीन. असो.

2021 साली ऑक्टोबरच्या 7 तारखेला राज्यातली कोरोनामुळे बंद झालेली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली आणि पुढच्या महिन्यात आमचा सण झाला. मधल्या दीड वर्षात रंगकाम बसलं होतं. परक्या माणसाला घरात घ्यायलाच लोक तयार नव्हते, तिथे भिंती कोण रंगवून घेणार? मामांनी हातातले पैसे देऊन कामगार गावी पाठवले, पुढे टेम्पो विकला. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

खजिनदारांनी नारळ उचलला आणि सवयीने ओरडले, "हं, मामा, बोला!" बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मामा शेवटच्या रांगेत होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाहीवर पिस्ता रंगाचा एक जुना ठिपका. ते उभे राहिले आणि म्हणाले, "दहा रुपये."

दोन पोरं हसली. खजिनदार म्हणाले, "दहा रुपये एक वार." कुणी बोलेना. पाळकबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. तेवढ्यात हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा, पहिल्यांदाच आलेला, त्याने हात वर केला. "पन्नास!" शेजारी त्याची आत्या होती. तिने शर्टाला धरून त्याला खाली ओढलं. "अगं आत्या, पण चर्चला..." "बस म्हटलं ना!" आणि खजिनदारांनी जाहीर केलं, "पन्नासची बोली मागे घेण्यात आली आहे." असा नियम आमच्याकडे नाही. बँकेत नोकरी केलेला माणूस, त्याने तो उभ्याउभ्या केला. "दहा रुपये दोन वार. दहा रुपये तीन वार!"

मामा भडकले. "हे काय चालवलंय? मंडईत दहा रुपयांत नारळाची शेंडी तरी येते का? देवाच्या घरात तोटा?" पुढे आले, नारळ मेजावर ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा लिलाव." खजिनदारांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी बसल्या जागेवरून बोलल्या. "माझं घर रंगवलंस तेव्हा पैसे घेतलेस का रे? मी घेतलं ना गपगुमान? मला काय लाज नव्हती? आता तू घे. घरी ने आणि पोरांना वड्या कर."

मामांनी खिशातून दहाची नोट काढली. खजिनदारांनी रीतसर पावती फाडली: नारळ एक, रुपये दहा फक्त. मामांनी पावतीची घडी घालून वरच्या खिशात ठेवली, नारळ काखेत मारला. पुढे लाल भोपळा आला. त्याच्यावर आत्याने अशी बोली लावली की मघाचा सगळा तोटा भरून निघाला. आणि त्या मुलाने पन्नास रुपयांत मेथीच्या जुड्या जिंकल्या. हॉस्टेलवर मेथीचं काय करणार, देव जाणे.

या गोष्टीत मला आवडते ती आजी. "मला काय लाज नव्हती?" हा तिचा प्रश्न. तिने आधी घेतलं होतं, म्हणून तिला तसं म्हणता आलं.

तर श्रोतेहो, देणं सोपं, घेणं अवघड. पण घेणं म्हणजे लाचारी नव्हे, आणि इथे मला पंडिता रमाबाईंची आठवण काढलीच पाहिजे. मोठी संस्कृत पंडिता, पण विधवांच्या शाळेसाठी परमुलखात हात पसरायला लाजल्या नाहीत. 1887 साली अमेरिकेत, बॉस्टनला त्यांच्यासाठी मंडळ निघालं आणि त्याने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या पैशावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून बायकामुलं आणली, ती दौंडच्या वाटेवर केडगावला वाढवली. आणि ज्यांच्याकडून शिकल्या, ज्यांचं घेतलं, त्यांच्याशी पटलं नाही तिथे वादही घातला. घेतलं म्हणून मान गहाण ठेवली नाही.

उदार श्रद्धेबद्दल थोडकंच बोलतो. काळ अनिश्चित झाला की माणूस मूठ आवळतो. पैशाची आवळतो तशी मताचीही. हिंजवडीत मुलाची नोकरी डळमळली की घरी बाप जास्तच ठामपणे बोलायला लागतो, पाहा तुम्ही. पंथांचंही तसंच होतं. आमचाच बाप्तिस्मा खरा, आमचीच उपासना खरी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नेमकं उलटं केलं. साल 1917, जगात महायुद्ध चाललेलं. वय साठीकडे झुकलेलं. अशा वेळी त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात सारखे. दोन वर्षांत टिळक गेले. पण पगार बंद झाल्यावर दार आणखी रुंद उघडणारा माणूस मला दुसरा चटकन आठवत नाही.

हंगामाचा सण पुण्यातल्या बऱ्याच मराठी मंडळ्यांत पावसाळा संपल्यावर एखाद्या रविवारी असतो. लिलावाला कुणीही यावं, धर्म कुणी विचारत नाही. पिशवी घरून आणा, सुटे पैसे आणा, आणि बोली लावण्याआधी शेजारी कुणाची आत्या बसली आहे का, तेवढं बघून घ्या. नमस्कार.