भट्टीवरचं बालपण

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपली की रायगडातल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला अख्खं बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं. आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन उन्हात कच्च्या विटा पालटत असते. शाळेच्या पटावर तिचं नाव आहे, वर्गात ती नाही. जूनमध्ये परतते तेव्हा मागे पडलेली असते, गप्प असते. ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा मात्र लगेच बसतो.

फेलिटी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मारझोड, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण अशा आघातांपैकी चार किंवा जास्त प्रकार ज्यांनी लहानपणी सोसले, त्यांना नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका, काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला. पण त्या यादीत गरिबी नव्हती, भेदभाव नव्हता, पोटासाठीची वणवण नव्हती. ती यादी जशीच्या तशी आपल्याकडे लावली, तर भट्टीवरच्या त्या पोरीपुढे ‘त्रास नाही’ अशी खूण पडू शकते. हे मला फार लागतं.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन-मुरुडकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागायतदाराचं नुकसान मोठंच होतं, पण पंचनामा त्याच्या झाडांचा होतो. त्याच बागेत मोलमजुरी करणाऱ्याच्या नावावर झाडच नसतं. त्याचा बुडालेला रोजगार कुठल्या रकान्यात लिहिणार? घरात पैसा नाही, बाप चिडलेला, आई धास्तावलेली. हे सगळं पोरं अंगावर घेतात. काहींची झोप उडते, काही अंथरूण ओलं करतात, काही उगाच हात उगारतात. त्यांना उनाड म्हणून मोकळं होऊ नका.

आणि उपचार? आडवाडीवरून जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून दोन नंबर लिहून घ्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६. मूल संकटात असेल तर १०९८. दोन्ही फुकट आहेत.

गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. वाडी हलण्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दाखवायचा कागद. आणि भट्टीजवळच्या शाळेतल्या शिक्षकांनो, ते घेऊन मूल दारात आलं तर त्याला त्याच दिवशी वर्गात बसवा.