मुद्दल खायचं नाही: कान्हेरीची पोढी, उसाचं पाचट आणि आजीची गोधडी

जय भीम, नमस्कार.

मी आत्ता बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपाशी उभी आहे. पाऊस नुकताच थांबलाय. माझ्या मागे कातळात हा बारीक चर दिसतोय ना? वर पडलेलं पाणी त्यातून वळत वळत या टाकीत उतरतं. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जागोजागी अशा टाक्या. इथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिली, असं इथे कोरून ठेवलंय. विहीर नाही, नळ नाही. चार महिने पडेल ते साठवायचं आणि आठ महिने पुरवायचं.

‘बुद्ध हे पहिले पर्यावरणवादी’ असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काळात ना कारखान्याचं सांडपाणी होतं ना युरियाची गोणी. पण आपल्या बौद्ध ग्रंथांत आणि शिलालेखांत हिशेबाची एक कडक शिस्त आहे. ती मला आज शेतीत आणि कारखान्यात हवी आहे. म्हणून हा व्हिडिओ.

अंगुत्तरनिकाय या पाली ग्रंथात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात, दीघजाणू नावाचा एक संसारी माणूस येतो. तो म्हणतो, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसं, आम्हाला झेपेल असं सांगा. तेव्हा बुद्ध तळ्याचा दाखला देतात. तळ्यात पाणी यायच्या चार वाटा, जायच्या चार. जायच्या उघड्या ठेवल्या, यायच्या बुजवल्या आणि पाऊसही धड झाला नाही, तर तळं आटणारच. तिथे विषय घरातल्या पैशाचा आहे, हे मान्य. पण या पोढीकडे बघत ते वाचलं की बोअरवेल आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच सुत्तात, म्हणजे उपदेशात, उंबर आहे. कमाई थोडी आणि थाट मोठा, अशा माणसाला लोक ‘उंबर खाणारा’ म्हणतात. का, ते अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकाग्रंथात, दिलंय: पिकलेलं झाड गदागदा हलवायचं, सडा पडला की चार फळं खायची, बाकीची तशीच टाकून निघून जायचं.

आता नाशिकला चला, पांडवलेण्यांत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवले. कुणाकडे? विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. करा गुणाकार: २४०. म्हणजे वर्षाला शेकडा १२. आणि त्या लेखातलं हे वाक्य मला पाठ आहे, कारण त्याच्याइतकं नेमकं दुसरं मला सापडलं नाही. हे कार्षापण ‘अपडिदातवा, वधिभोजा’. परत द्यायचे नाहीत, फक्त वाढ खायची. मुद्दलाला हात नाही.

शेतकऱ्याचं मुद्दल काय? जमिनीतला सेंद्रिय कर्ब आणि जमिनीखालचं पाणी. पीक हे व्याज. माझे मामा सोलापूर जिल्ह्यात ऊस करतात. तोडणी झाली की पाचट पेटवून द्यायचं, रान एका संध्याकाळी मोकळं, हीच रीत. धूर होऊन जायचं ते मुद्दल. आता ते पाचटाची कुट्टी करून सरीतच कुजवतात. मेहनत जास्त आहे, खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी देताना अडचण होते, ते मी लपवणार नाही. अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात हुकूम आहे: ज्या भुशात जीव आहेत तो जाळू नये, रान उगाच पेटवू नये. कारण वेगळं होतं, जिवांची हिंसा. पण काडी ओढण्याआधी थांबायला सांगितलंय, हे खरं.

आणि विष. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार दुसऱ्या एका सुत्तात मोजून दिलेत: शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा चर्चा कसली झाली? त्यांनी मास्क का लावला नाही. सुत्त मात्र विकणाऱ्याकडे बघतं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आता माझी सर्वात आवडती गोष्ट, चुल्लवग्ग या भिक्खूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातली. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्या बुद्धांचे शिष्य आनंद यांना ५०० चीवरं देतात. राजा चिडतो. एवढी वस्त्रं घेऊन हा भिक्खू करणार काय, कापडाचं दुकान टाकणार? तो जाऊन थेट विचारतो. आनंद म्हणतात, ज्यांची चीवरं विरलीत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. खोळी जुन्या झाल्या की? जमिनीवर अंथरायला. ते फाटलं की पायपुसणं, मग धूळ झटकायचं फडकं. आणि ते फडकं? कुटून चिखलात कालवायचं आणि त्याने लिंपायचं. राजा इतका खूश होतो की आणखी ५०० देतो.

बघा, राजाने प्रश्न वस्तू वापरात येण्याआधी विचारले, शेवटपर्यंत विचारले. आज कापड गिरणीतून निघतं तेव्हा हे कोण विचारतं? विचारायची वेळ येते ती धारावीत, तेरा कंपाऊंड या भंगार-कचऱ्याच्या वस्तीत, आपला कचरा हाताने निवडणाऱ्या बाईवर. आणि आनंदांची यादी चिखलात संपू शकली, कारण कापड मातीत मिसळणारं होतं. सुती धाग्यात पॉलिएस्टर विणलं की ते दोन्ही वेगळे करणं महाकठीण, आणि मातीत टाकलं तर तिथेच पडून राहतं.

माझी आजी वरळीच्या चाळीत राहायची. तिने चुल्लवग्ग वाचला नव्हता, तिला वाचताच येत नव्हतं. पण तिच्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीतून नातवंडांची दुपटी, दुपट्यांची फडकी आणि शेवटी पोतेरं. नोकरी लागल्यावर मी एकदा माझ्या जुन्या ओढण्यांची पिशवी तिच्याकडे नेली, गोधडीसाठी. तिने एकेक ओढणी चिमटीत धरून चोळून पाहिली, एक तर तांब्यातल्या पाण्यात बुडवून पिळली. मग सगळ्या घडी घालून परत पिशवीत ठेवल्या आणि म्हणाली, “बाई, हे पाणीच पीत नाही. ह्याचं पोतेरंसुद्धा व्हायचं नाही.”

ती पिशवी अजून माझ्या घरी माळ्यावर आहे.