सहा महिन्यांतून एकदा: एचआयव्ही रोखणारं इंजेक्शन

गोळ्यांची बाटली पर्समध्ये खुळखुळते, आणि साउथ आफ्रिकेतल्या कित्येक मुलींना तेवढ्याचीच धास्ती असते. घरात कुणी बघितली, बॉयफ्रेंडच्या हाती लागली, की पहिला प्रश्न, तुला एचआयव्ही आहे का? खरं तर ती गोळी एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची असते, पण हे कुणाकुणाला समजावत बसणार, मग गोळ्या सुटतात.

साउथ आफ्रिका आणि युगांडात पर्पज 1 ही ट्रायल झाली ती अशाच मुलींना घेऊन, वय 16 ते 25. काहींना रोजची गोळी, तीही दोन प्रकारांतली एक, आणि काहींना लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन. पहिल्या दोन दिवशी थोड्या गोळ्या, आणि पोटाच्या कातडीखाली दोन इंजेक्शनं, बास, पुढची थेट सहा महिन्यांनी. टोचलं तिथे बारीक गाठ येते, बोटाला लागते, काहींची तर महिनोन्‌महिने राहते, कारण औषध तिथंच साठून हळूहळू अंगात उतरत असतं.

2024 मध्ये निकाल आला. इंजेक्शन घेणाऱ्या 2134 जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. एकीलाही! गोळ्यांच्या दोन गटांत मिळून 55 जणींना झाला. म्युनिकच्या एड्स परिषदेत साउथ आफ्रिकेतल्या संशोधक डॉ. लिंडा-गेल बेकर यांनी हे मांडलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि का नाही वाजवणार?

ही लस नाही हं. लस अजून हाती आलेली नाही, लसींच्या ट्रायल्स एकामागून एक थांबल्या, उहाम्बो 2020 ला, इम्बोकोडो 2021 ला, मोझाइको 2023 ला, कारण हा विषाणू सतत रूप पालटतो, शरीराने ओळखायचं तरी कसं. लेनाकापाविर घाव घालतं ते त्याच्या आतल्या कवचावर, कॅप्सिडवर. ते कवच नेमक्या वेळी जुळावं लागतं, नेमक्या वेळी उलगडावं लागतं, आणि औषध चिकटलं की ही वेळच चुकते.

आता प्रश्न पैशांचा. अमेरिकेत वर्षाचे 28 हजार डॉलर्सच्या वर, आणि आपल्याकडच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या औषध कंपन्या 2027 पासून तेच 40 डॉलर्सच्या आसपास देणार आहेत, 120 देशांसाठी. पुण्याच्या एमक्युअरकडेही बनवायचं लायसन्स आहे. पण ब्राझील, पेरू, अर्जेंटिना, मेक्सिको त्या यादीत नाहीत, आणि याच औषधाची दुसरी ट्रायल तिथल्या लोकांवरही झाली होती. ज्यांनी सुया टोचून घेतल्या त्यांनाच स्वस्त औषध नाही, हे आम्हाला अजिबात पटत नाही.