कोकणात कॅमेरा घेताना भाव कसा काढावा

मंडळी, दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, ‘बॉडी केवढ्याला?’ हिशेब तिथेच बिघडतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पाच गोष्टींची बेरीज करायची: बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), लेन्स, मेमरी कार्ड, एक जादा बॅटरी आणि हे सगळं पावसाळ्यात कोरडं ठेवायची पेटी. दोन दुकानांच्या भावांची तुलना करायची ती या बेरजेची. माझं मत विचाराल तर एकूण पैशांतले निम्म्याहून जास्त बॉडीवर घालू नयेत.

का, ते रात्रीच्या दशावताराच्या रंगमंचावर लगेच कळतं. कॅननच्या आर-५० किंवा आर-१० या बॉडींबरोबर एकाच खोक्यात मिळणारी १८-४५ एमएमची किट लेन्स झूम केली की एफ/६.३ वर येते. हा एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं. त्याच बॉडीवर एफ/१.८ची ५० एमएम लावलीत तर सेन्सरवर सुमारे बारापट प्रकाश पडतो. जिथे किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) १२,८०० लागत होता तिथे हजारच्या आसपास काम भागतं. बॉडी एक पायरी वरची घेऊन एवढा फरक पडत नाही, आणि ही लेन्स त्या वरच्या पायरीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शिमग्याच्या पालखीला, रात्रीच्या आरतीला हाच हिशेब लागू. ज्याला फक्त उन्हातला सिंधुदुर्ग किल्ला टिपायचा आहे त्याला किट लेन्स पुरे.

बॉडी निवडताना माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, आधी बघा; प्रत्येक कंपनीची ती वेगळी. घरात कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स असतील तर आरएफ माउंटच्या नव्या बॉडीवर अ‍ॅडॉप्टरने त्या ऑटोफोकससह नीट चालतात. म्हणजे तेवढ्या लेन्सचे पैसे वाचले. निकॉनवाल्यांनी सावध राहावं. जुन्या लेन्स नव्या झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी प्रकारच्या, स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्सना झेड बॉडीवर हातानेच फोकस करावा लागतो. सोनीच्या ई माउंटवर सिग्मा-टॅमरॉन या फक्त लेन्सवाल्या कंपन्यांच्या लेन्सची रेलचेल आहे, कॅनन आरएफवर सिग्मा-टॅमरॉनच्या क्रॉप सेन्सरच्या (आर-५०, आर-१० सारख्या लहान सेन्सरच्या बॉडींसाठीच्या) लेन्स २०२४ पासून येऊ लागल्या. बॉडी पाच हजारांनी स्वस्त मिळाली आणि तिच्यासाठीची लेन्स पंधरा हजारांनी महाग पडली, तर फायदा कुणाचा झाला?

नवं मॉडेल आलं की मागच्याचा भाव उतरतो. निकॉनचा झेड-६ थ्री २०२४ मध्ये आला, कॅननचा आर-६ मार्क टू २०२२ मध्ये. त्यांच्या आधीच्या पिढ्या लग्नाच्या कामाला आजही कमी पडत नाहीत. मात्र ‘नवीन’ म्हणून मागची पिढी घेताना माल कधीचा आहे ते विचारा. ते खोक्यावरच लिहिलेलं असतं. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, माल कधीचा ते सांगणारा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला स्टिकर हवाच, तसा कायदा आहे. हा स्टिकर नसेल तर माल ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला, आहे असं समजा. बॉडी खोटी नसते हो, अस्सलच असते. पण इथलं अधिकृत सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावत नाही. किट फोडून पांढऱ्या खोक्यात विकलेल्या लेन्सचंही वॉरंटी कार्ड आहे का, ते कुणाच्या नावाचं आहे, हे आधी विचारा.

आखातातून येणाऱ्या पाहुण्यांकडून कॅमेरा मागवायची आपल्याकडे रीतच आहे. दुबईत व्हॅट पाच टक्के, आपल्याकडे जीएसटी अठरा, त्यामुळे भाव खुणावतो. पण सामानातून करमुक्त आणायला मर्यादा आहे, तिच्या वरच्या रकमेवर विमानतळावर ड्युटी भरावी लागते, आणि बॉडीची वॉरंटी बहुधा घेतलेल्या देशापुरतीच असते. लेन्स मागवा, ट्रायपॉड मागवा. बॉडी इथेच घ्या. जपानहून कुणी सोनी आणत असेल तर मेनूची भाषा आधी विचारून घ्या, तिथल्या बाजारासाठीच्या बऱ्याच बॉडींमध्ये जपानीशिवाय दुसरी भाषाच मिळत नाही.

मुंबईला जाणं परवडतं का? रात्री कोकणकन्येत बसलात की सकाळी मुंबईत, आणि सीएसएमटीसमोर फोर्टातला बोरा बाजार हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार. निघण्यापूर्वी दोन-तीन दुकानांना फोन करून एकाच प्रश्नाचं उत्तर घ्या: ‘पक्क्या बिलासह, कंपनीच्या इथल्या वॉरंटीसह, हातात पडायचा भाव किती?’ कच्च्या बिलाचा भाव ऐकूनही घेऊ नका. रत्नागिरी-चिपळूणच्या अधिकृत विक्रेत्याच्या भावाशी फरक दोन-तीन हजारांचाच असेल तर इथेच घ्या. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेला दिवस, आणि उद्या बॉडी सर्व्हिसला पाठवायची वेळ आली की कुरिअरची कटकट, हे सगळं त्या फरकात बसत नाही.

पक्क्या बिलाचा आग्रह लग्नाचं काम करणाऱ्यांनी तर धरायलाच हवा. एक लाख अठरा हजारांच्या बिलात अठरा हजार कर असतो. तुमची जीएसटी नोंदणी नियमित पद्धतीची असेल आणि बिलावर तुमचा क्रमांक असेल तर तो कर तुमच्या देण्यातून वळता होतो, म्हणजे माल लाखाला पडला. ‘बिल नको, आठ हजार कमी करतो’ म्हणणारा दुकानदार तुमचे दहा हजार घालवतोय. जीएसटीच्या कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या) योजनेत असलेल्यांना हा परतावा नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही गणित मांडून बघा. व्याजाएवढी सूट आधी दिलेली असते, पण त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते; शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सवलत मिळाली असती ती सुटते. हप्ता गैर नाही, फुकट मात्र नाही.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव बघा, साइटचं नव्हे. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर खोकं उघडून बॉडीवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळल्याशिवाय ओटीपी सांगू नका. कार्ड घेताना विशेष जपा, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री हे कार्ड तपासायचे प्रोग्रॅम चालवून पूर्ण कार्ड एकदा भरून वाचून घ्या. बनावट कार्ड १२८ जीबी म्हणवतं आणि आत ३२ असतात. त्यापुढचं चित्रण गायब. आणि व्ही-९० कार्डावर पैसे उधळू नका; ‘व्ही’पुढचा आकडा म्हणजे कार्ड सेकंदाला किमान किती एमबी लिहितं ते. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिटचं; आठ बिटांचा एक बाइट) फोर-के चित्रण सेकंदाला साडेबारा एमबी लिहितं, व्ही-३० कार्ड किमान ३० लिहितं. तासाला ४५ जीबी लागतात, त्यावरून कार्ड किती मोठं घ्यायचं ते ठरवा.

आता वेळ. मे महिन्यात हौसेने कॅमेरा घेतला की पुढचे चार महिने तो कपाटात पडतो, वॉरंटीचं घड्याळ बिलाच्या तारखेपासून चालू, आणि आत दमट हवा. बुरशी, खारं पाणी, वाळू यांनी झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. गणपतीचं काम हातात नसेल तर दसरा-दिवाळीपर्यंत थांबा. सवलती तेव्हाच निघतात आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगामही सुरू होतो. पेटी मात्र कॅमेऱ्याआधी घरात हवी. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट) परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिक डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. साठ-सत्तरच्या वर बुरशी धरते, तिशीच्या खाली नेलात तर रबर आणि ग्रीस सुकतं. चामडी केस डब्यात ठेवू नका, बुरशीला ती फार आवडते. लेन्सपुढे साधा संरक्षक फिल्टर बाकी गावांत चैनीचा असेल, हर्णैच्या बंदरावर उडणाऱ्या खाऱ्या तुषारांसाठी तो खर्च रास्त आहे.

माल घरी आला की त्याच दिवशी तपासा. लेन्सची टोपी लावून एक सेकंदाचा फोटो काढा आणि पूर्ण मोठा करून बघा. चमकणारे रंगीत ठिपके दिसले तर टिपून ठेवा. एफ/१६वर पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस बिघडवून, एक फोटो. काळे धूसर डाग म्हणजे सेन्सरवर धूळ. लेन्ससाठी आपल्याकडे फुकटचं साधन आहे, जांभ्याची चिरेबंदी भिंत. दगडाचा पोत खडबडीत, छिद्राछिद्रांचा असल्याने कोपऱ्यांची धार लगेच दिसते. ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला अगदी समांतर लावा, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा (एफचा आकडा सर्वांत लहान), दोन सेकंदांच्या टायमरवर चार-पाच फोटो काढा. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर चालेल, ते डिझाइनच तसं असतं. उजवे दोन धारदार आणि डावे दोन धुरकट असतील तर आधी कॅमेरा पुन्हा समांतर लावून बघा. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर लेन्समधली काच सरकलेली आहे. फोटोच्या मूळ फाइली विक्रेत्याला पाठवा आणि लेन्स बदलून मागा. बदलून देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, ती किती ते पैसे देण्यापूर्वी बिलावर लिहून घ्या.