बकऱ्या लिहायच्या राहिल्या
(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या सभामंडपात एका वकिलानं दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, मघाशी काका म्हणाले, कोर्टाची पायरी चढायला खिसा भरलेला पाहिजे. मी पहिल्या पायरीपुरतं बोलतो. पैशाचा दावा लावायचा तर रकमेच्या हिशेबानं कोर्ट फीचं तिकीट लागतं. आपले चार लाख कापसाच्या व्यापाऱ्याकडं अडकलेत, आणि ते मागायलाच आधी हजारो रुपये मोजायचे. नसतील तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ३३. त्यात अर्ज करून आधी फी न भरता दावा लावता येतो; लोक त्याला ‘फीमाफी’ म्हणतात. जुने वकील याला अजून ‘पॉपर’चा, म्हणजे कंगालाचा, दावा म्हणतात, १९७६च्या दुरुस्तीनंतर पुस्तकात ‘निर्धन व्यक्ती’ आलं.

निर्धन कोण, तर फी भरण्यापुरतं साधन ज्याच्याकडं नाही तो. मोजताना ज्या रकमेसाठी भांडतोय ती धरत नाहीत. जप्तीत न येणारी मालमत्ताही धरत नाहीत. त्याच संहितेचं कलम ६० काढून बघा: शेतकऱ्याला पोटापाण्यासाठी लागणारी औजारं, बैल, बियाणं, तो राहतो ते घर. म्हणजे दारात बैलजोडी, वखर, तिफण असली तरी माणूस निर्धन ठरू शकतो. गावात हे कुणी सांगत नाही, म्हणून लोक लपवतात.

ठेक्यानं शेती करणारे एक काका माझ्याकडं आले होते. कापसाच्याच पैशाचा दावा. अर्जासोबत सगळ्या मालमत्तेची किमतीसह यादी लागते. मी विचारत होतो, ते सांगत होते: भांडी, सायकल, एक खाट. दारात बकऱ्या असतील, हे मला सुचायला हवं होतं. अर्ज त्यांनी स्वतः हजर राहून दिला, सरकारी वकिलाला आणि समोरच्या पार्टीला नोटीस गेली. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं, ‘‘बकऱ्या किती?’’ काका म्हणाले, ‘‘आठ.’’

बाहेर आल्यावर मला म्हणतात, ‘‘त्या कायले लिवाच्या होत्या सायेब? पोरीच्या बाळंतपणासाठी ठेवल्या होत्या.’’

आठ बकऱ्यांनी ते काही सावकार झाले नसते. लपवल्या म्हणून अर्ज गेला. नशीब एवढंच की अर्ज फेटाळताना कोर्ट फी भरायला मुदत देऊ शकतं. त्या मुदतीत भरली की दावा अर्जाच्या तारखेचाच धरतात. नाहीतर वसुलीचा दावा लावायची तीन वर्षांची मुदत तिथंच संपली असती. फी भरली ती त्याच बकऱ्या विकून, कमी पडले ते जावयाकडून घेऊन.

आणि अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत कुणी मुद्दाम गरीब दिसायला शेत पोराच्या नावावर केलं, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

‘माफी’ हा शब्दही जरा फसवाच. जिंकलात तर दाव्याच्या रकमेवर फीपुरता पहिला बोजा, म्हणजे पहिला हक्क, सरकारचा, हरलात तर फी तुमच्याच डोक्यावर. उधारीच ती. खरी माफी महिलांना आहे: १ ऑक्टोबर १९९४च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेत पोटगी, मालमत्तेचे वाद (नंतरच्या दुरुस्तीनं फक्त लग्नसंबंधातून आलेले), हिंसाचार, घटस्फोट. आणि १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना त्यात उत्पन्नाची अट नाही. आपल्या राज्यात इतरांना वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत लागतं. वकील मिळतो, कोर्ट फीही तेच भरतात. तालुका विधी सेवा समितीकडं साधा अर्ज करायचा.

मग काकांना आधीच तिकडं का नाही पाठवलं, असं मागून ताई विचारतायत. ताई, वकिलीचं दुसरं वर्ष होतं. हातात आलेला पक्षकार सोडवत नव्हता.