न गळणारा माल

(दृश्य: नागपूरचं कळमना मार्केट, पहाट. संत्र्यांचे ढीग, गाड्यांचे दिवे.)

नोव्हेंबर महिना. आंबिया बहाराची संत्री कळमन्यात उतरताहेत. ढिगाभोवती व्यापारी जमतात, बोली चढते, अडखळते, थांबते. अडत्या वहीत आकडा लिहितो. काटोलकडून आलेला एक शेतकरी बाजूला उभा आहे. वर्षभर झाडं त्याने जपली, यंदा फळगळीत अर्धी बाग गेली तीही त्याचीच. भाव मात्र त्याला फक्त कळवला जातो.

(दृश्य: प्रतापनगर, दुसऱ्या मजल्यावरची खोली. दोन कॉम्प्युटर, कूलर.)

त्याचा मुलगा आणि मुलगी इथे राहतात. तो कोड लिहितो, ती चित्रं काढते. अडीच वर्षं खपून दोघांनी एक गेम केलाय. तान्ह्या पोळ्याचा दिवस, महाल भागातली चिंचोळी गल्ली, आणि गर्दीतून मारबतीचा मोठा पुतळा पुढे न्यायचा. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत वेगळी बाई उभी आहे. ‘‘एकसारखी दोन सापडली तर पैसे परत,’’ असं बहीण म्हणते.

स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथे गेम टाकायचे १०० डॉलर भरून झालेत. हजार डॉलरची विक्री झाली, तर ते परत मिळतील. आता एकच चौकोन रिकामा आहे. किंमत.

मित्रांचे सल्ले फुकट, आणि सल्लाही तोच: फुकट टाक. मोबाइलवर तर काहून कोणी पैसे देईल, भाऊ?

पण गूगल प्लेचा एक नियम आहे. विकतचं ॲप कधीही फुकट करता येतं. एकदा फुकट दिलेलं मात्र पुन्हा विकतचं होत नाही. नव्या पॅकेज नावाने, म्हणजे नव्या ओळखीने, नवंच ॲप टाकावं लागतं, आणि जुने डाउनलोड, जुनी शाबासकी सगळी मागे राहते.

मग हिऱ्यांचा रस्ता. गेम फुकट, आत हिरे विकत. ८० हिऱ्यांची थैली ८९ रुपयांना, आणि हवी ती वस्तू नेमकी १०० हिऱ्यांची. म्हणजे दुसरी थैली आलीच. सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवणारा दुकानदार बरा, तो निदान चॉकलेट तरी देतो.

(दृश्य: वहीचं पान, बॉलपेनने केलेला हिशेब.)

भाऊ २४९ लिहून बघतो. त्यातून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की २११ उरतात. त्यावर स्टीमचा वाटा ३० टक्के. हातात येतात साधारण १४८ रुपये. प्लेवर जरा बरं आहे. २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर तिथे १५ टक्केच कापतात. दहा लाख डॉलरच्या पुढे काय होतं, याची चिंता या खोलीत अजून कोणाला नाही.

अमेरिकेसाठी वेगळा चौकोन आहे. तिथे ९.९९ डॉलर, म्हणजे आपले आठशेच्या वर. तेवढे बर्डीतल्या कॉलेजच्या पोराकडे मागितले, तर तो हसून पुढे जाईल. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत भाव लावता येतो तो याचसाठी. मला यात कोणावर अन्याय झालेला दिसत नाही.

खरी पंचाईत वेळेची. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम पैसे परत करतं. गिऱ्हाइकासाठी नियम चांगलाच आहे. पण यांचा गेम पावणेदोन तासांत संपतो. ताट चाटूनपुसून झाल्यावरही कोणी पैसे परत मागू शकतो.

‘‘चार गल्ल्या वाढवू का?’’ बहिणीने विचारलं होतं. नुसत्याच रिकाम्या. वेळ दोन तासांच्या पार गेली असती.

नाही वाढवल्या. पाणी ओतून वाढवलेली तर्री कशी लागते, हे नागपूरकराला सांगायला नको.

मग १४९ करावे का? ९९? ही घाई कळमन्यातून आलेली आहे. तिथे आजचा ढीग आजच जायला हवा, उद्या त्याला वास येतो. इथे तसं नाही. सूट दिवाळीतही देता येते, पुढच्या वर्षीही देता येते. उलट एकदा दर वाढवला, की स्टीमवर ३० दिवस सूट लावता येत नाही. म्हणजे आधी खाली उतरून मग वर चढणं जास्त अवघड.

(दृश्य: रविवार. बाबा आलेत. पिशवीत संत्री.)

बाबा वहीचं पान डोळ्यांजवळ धरतात.

‘‘हा आकडा कोनं ठरोला?’’

‘‘मी.’’

‘‘तूच?’’

ते पुन्हा पान बघतात. २४९ खाली दोनदा रेघ ओढलेली आहे.

‘‘आन् कोनी घेतलाच नाई तं?’’

‘‘तं तसाच राह्यते, बाबा. गळत नाई.’’

बाबा काही बोलत नाहीत. पिशवीतलं एक संत्रं काढतात आणि सोलायला घेतात.